कमी पैशात सकस जेवण: बेळगाव सीमाभागातील कुटुंबांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी आणि हुक्केरी भागातील महिला संघांच्या बैठकांत घरखर्चाचा विषय निघाला की जे प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतात, ते येथे एकत्र केले आहेत. बाजारभाव मुद्दाम दिलेले नाहीत, कारण बेळगावच्या रविवार पेठेतला भाव आणि नंदगडच्या दुकानातला भाव एक नसतो आणि दोन्ही सतत हलत असतात. हिशेबासाठी जिथे भाव धरावा लागला आहे, तिथे तो केवळ उदाहरण म्हणून धरला आहे. वाचकांनी तिथे आपल्या दुकानातला भाव घालावा.

रेशनचा तांदूळ फुकट मिळतो, तरीही जेवणाच्या खर्चाची ओढाताण का होते?

अन्नसुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबांना माणशी ५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून विनामूल्य मिळते, आणि कर्नाटकात जुलै २०१३ मध्ये सुरू झालेल्या अन्नभाग्य योजनेतून राज्य सरकार स्वतःची भर घालत आले आहे. ही भर कधी तांदळाच्या रूपाने मिळाली, तर जुलै २०२३ पासून काही काळ तांदळाऐवजी किलोला ३४ रुपये या दराने पैसे खात्यात जमा झाले. म्हणून चालू महिन्यात नेमके काय मिळणार आहे, ते दुकानाच्या फलकावर पाहून घ्यावे. या धान्यामुळे पोट भरण्याचा प्रश्न बराचसा सुटला आहे आणि ही लहान गोष्ट नाही.

अडचण त्याच्या पुढची आहे. तांदूळ घरात भरपूर असला की ताटात भाताचा डोंगर होतो, आमटी दिवसेंदिवस पातळ होत जाते आणि पूर्वी रोज होणारी भाकरी आठवड्यातून दोन-तीन दिवसांवर येते. पोट भरलेले असते, म्हणून काही कमी पडते आहे असे कोणाला वाटतही नाही. तांदूळ विकत घ्यावा न लागल्यामुळे जो पैसा वाचतो, तो कशासाठी वापरायचा हे ठरलेले नसल्याने तो मोबाइलच्या रिचार्जमध्ये, टपरीवरच्या चहात आणि मुलांच्या पाकिटांत विरून जातो. माझे स्पष्ट मत असे आहे की हा वाचलेला पैसा वेगळा काढून डाळी आणि कडधान्यांवरच खर्च करावा. ज्या घरात गृहलक्ष्मी योजनेचे २,००० रुपये येतात, तिथे ते जमा होतील त्याच दिवशी महिन्याचे कडधान्य भरून टाकावे. आठवडाभर थांबले की ती रक्कम शिल्लक राहत नाही, हा अनेक घरांचा अनुभव आहे.

पाच माणसांच्या घराला महिन्याला नेमके किती लागते?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत २,००० कॅलरींच्या आहारासाठी दिवसाला सुमारे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध किंवा दही, ३५ ग्रॅम शेंगदाण्यांसारख्या तेलबिया व कठीण कवचाची फळे आणि २७ ग्रॅम तेल-तूप असे प्रमाण सांगितले आहे. आई, वडील, दोन मुले आणि आज्जी अशा घराला याप्रमाणे धान्य महिन्याला साडेसदतीस किलो लागेल, त्यातले २५ किलो केंद्राच्या वाट्यातूनच येते. शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्या माणसाला धान्य याहून अधिक लागते, हे लक्षात ठेवावे.

डाळींचा आकडा मात्र धडकी भरवणारा आहे: पाच जणांना ८५ ग्रॅमप्रमाणे महिन्याला पावणेतेरा किलो. मोलमजुरी करणाऱ्या घराला हे जमणार नाही, आणि जमत नाही म्हणून प्रयत्नच सोडून देणे हे त्याहून वाईट आहे. माणशी ५० ग्रॅम धरले तर महिन्याला साडेसात किलो होतात. मोठ्या माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५० किलो वजनाच्या स्त्रीला ४० ग्रॅमांहून थोडी अधिक. अडीचशे ग्रॅम तांदूळ-ज्वारीतून २० ते २३ ग्रॅम, ५० ग्रॅम डाळीतून ११-१२ ग्रॅम आणि मूठभर शेंगदाण्यांतून ५ ग्रॅम मिळाली, की एखादी वाटी ताक किंवा अधूनमधून अंडे यांच्या जोडीने ही गरज जवळपास भागते. म्हणून या पानावर जिथे जिथे कडधान्याचा उल्लेख आहे, तिथे साडेसात किलो हे माझे किमान उद्दिष्ट आहे असे समजावे. ज्यांना अधिक शक्य आहे त्यांनी अधिक घ्यावे.

सर्वांत स्वस्तात प्रथिने कशातून मिळतात?

किलोचा भाव पाहून वस्तू स्वस्त की महाग हे ठरवू नये. १० ग्रॅम प्रथिनांना किती पैसे पडतात ते पाहावे. समजा मसूर १०० रुपये किलो आहे. त्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे १० ग्रॅम प्रथिने ४ रुपयांना पडली. अंडे ७ रुपयांना मिळत असेल आणि त्यात ६ ग्रॅम प्रथिने असतील, तर तेवढ्याच प्रथिनांना पावणेबारा रुपये लागतात. पन्नास रुपये लिटरच्या दुधातून तीच प्रथिने साडेपंधरा रुपयांना आणि सातशे रुपये किलोच्या मटणातून, हाडांचे वजन सोडून दिले तरी, पस्तीस रुपयांना पडतात. हा हिशेब एकदा कागदावर मांडला की दुकानात काय मागायचे याचा निर्णय सोपा होतो.

आपल्या भागात या हिशेबात वर येणारी कडधान्ये म्हणजे मसूर, हुलगा, मटकी, चवळी आणि हरभरा. बेळगावच्या आसपास भात कापून झाल्यावर त्याच शेतात मसूर पेरला जातो, त्यामुळे सुगीनंतर नवा अख्खा मसूर शेतकऱ्याकडून थेट मिळू शकतो. वर्षाचा साठा तेव्हाच, दोन-तीन घरांनी मिळून घ्यावा, कडक उन्हात वाळवावा आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. तूरडाळीचा भाव चढला की आमटीच बंद करणारी घरे मी पाहिली आहेत. अशा वेळी निम्मी तूर आणि निम्मी मसूरडाळ शिजवली तर चवीत फारसा फरक पडत नाही.

हुलग्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. हे बैलांना घालायचे किंवा गरिबांनी खायचे धान्य आहे, अशी समजूत अजून आहे आणि पाहुण्यांसमोर हुलग्याची उसळ वाढायला बायका संकोचतात. प्रत्यक्षात हुलग्यात १०० ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात आणि लोह व कॅल्शियम यांच्या बाबतीतही तो अनेक महागड्या डाळींच्या पुढे आहे. तो हलक्या माळरानावर आणि थोड्या पाण्यावर येतो. रात्रभर भिजवून, मोड आणून, कांदा-लसणाच्या मसाल्यात केलेली उसळ, त्याच शिजवलेल्या पाण्याचे सार आणि दळून ठेवलेल्या पिठाचे पिठले असे तीन पदार्थ एकाच पिशवीतून होतात.

सोयाबीनच्या वड्यांत १०० ग्रॅमला निम्म्याहून अधिक वजन प्रथिनांचे असते आणि त्या स्वस्तही पडतात. आठवड्यातून एक-दोन वेळा रस्साभाजीत घालण्यास त्या उत्तम आहेत, मात्र त्यांनी कडधान्यांची जागा पूर्णपणे घेऊ नये.

बाजारात कडधान्यांची नावे कन्नडमध्ये लिहिलेली असतात. ती कशी ओळखावीत?

चिक्कोडी, अथणी, रायबाग किंवा गोकाककडच्या बाजारात ही नावे कानावर पडतील: ब्याळी म्हणजे डाळ, तोगरी म्हणजे तूर, हेसरू म्हणजे मूग, कडली म्हणजे हरभरा, अलसंदी म्हणजे चवळी, मडकी म्हणजे मटकी आणि हुरळी म्हणजे हुलगा. नावे ठाऊक असली की भाव विचारताना अडखळायला होत नाही आणि दुसऱ्या दुकानातल्या भावाशी तुलना करता येते.

रेशनच्या ज्वारीची भाकरी थापताना तुटते. ती ज्वारी विकून टाकावी का?

विकू नये. उत्तर कर्नाटकात रेशनवर कधीकधी तांदळासोबत ज्वारीही दिली जाते आणि ती मालदांडी शाळूसारखी चिवट नसते, हे खरे आहे. पीठ उकळत्या पाण्यात कालवून थोडा वेळ झाकून ठेवावे आणि मग मळावे, म्हणजे त्याला चिकटपणा येतो; तरीही तुटत असेल तर चार वाट्या पिठात एक वाटी शाळूचे पीठ मिसळावे. दळण एका वेळी आठ-दहा दिवसांचेच करावे, कारण जुन्या पिठाची भाकरी अधिक तुटते. तांदळात १०० ग्रॅमला सात-आठ ग्रॅम प्रथिने असतात, ज्वारीत सुमारे दहा. शिवाय ज्वारीत तंतू आणि लोह अधिक असते. दिवसातल्या दोन जेवणांपैकी एक भाकरीचे असावे, हा जुना शिरस्ता आपल्या भागाने सोडू नये.

रेशनचे धान्य दारावर येणाऱ्या खरेदीदाराला कवडीमोलाने देणे बेकायदेशीर आहे आणि तोट्याचेही आहे. तांदूळ उरत असेल तर तीन भाग तांदूळ आणि एक भाग उडीद भिजवून, वाटून, आंबवून त्याच्या आंबोळ्या किंवा इडल्या कराव्यात. खानापूरकडे तांदळाची भाकरी घरोघरी होतेच. तिच्यासोबत पातळ आमटीऐवजी घट्ट उसळ ठेवावी, एवढाच बदल मी सुचवीन.

रेशनच्या तांदळात प्लास्टिकसारखे दिसणारे दाणे असतात. ते निवडून फेकावेत का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बैठकीत येतो. ते दाणे प्लास्टिकचे नसतात. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्राने तांदळाच्या आकाराचे दाणे तयार करतात आणि दर १०० दाण्यांत साधारण एक या प्रमाणात ते साध्या तांदळात मिसळतात. त्यांचा रंग आणि चकाकी थोडी वेगळी असते, काही दाणे पाण्यावर तरंगतात, म्हणून संशय येतो. ते निवडून टाकले तर सरकारने त्यात घातलेले पोषणच आपण उकिरड्यावर टाकतो. तांदूळ एक-दोनदाच हलक्या हाताने धुवावा आणि पाणी बेताचे घालून शिजवावा. पेज काढायची सवय असेल तर ती पेज मीठ घालून प्यावी, फेकू नये. घरात कोणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचा आजार असेल तर या तांदळाविषयी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

भाजी परवडत नाही, विशेषतः पावसाळ्यात. काय करावे?

भाजी महाग वाटते, कारण आपण फ्लॉवर, ढबू मिरची आणि वाटाणा यांचे भाव पाहतो. पालेभाज्यांचे भाव पाहिले तर चित्र बदलते. बेळगावच्या बाजारात कडोली आणि आसपासच्या गावांतून भाजी येते. संध्याकाळी बाजार उठायच्या वेळी मेथी, शेपू, तांबडा माठ, पोकळा आणि कांद्याची पात यांच्या जुड्या सकाळपेक्षा कमी भावात मिळतात. जुडी थोडी सुकलेली असली तरी चालते. पिवळी पडलेली किंवा चिकट झालेली घेऊ नये. हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला आणि करडईची भाजी, तर वर्षातले बरेच महिने अंबाडी, जिला शेजारची कन्नड कुटुंबे पुंडी म्हणतात, असे स्वस्त पर्याय असतात. अंबाडी डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवली की एका जुडीत पाच माणसांची भाजी होते.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी आहे. आषाढ-श्रावणात खानापूरच्या बाजूला पाऊस इतका असतो की परसातला वाफाही कुजतो आणि बाहेरून येणारी भाजी महाग होते. याच दिवसांत टाकळा, कुर्डू, भारंगी आणि अळू मात्र बांधावर आणि रानात आपोआप येतात. टाकळ्याची कोवळी पाने, चिंच किंवा कोकम घातलेले अळूचे फदफदे आणि शेवग्याचा पाला यांनी हे दोन महिने निघतात, हे आपल्या आज्ज्यांना ठाऊक होते. दोन गोष्टी मात्र जपाव्यात. बांबूचे कोंब बारीक चिरून, पाणी बदलत रात्रभर भिजवून, उकळून आणि ते पाणी टाकून दिल्याशिवाय खाऊ नयेत, कारण कच्च्या कोंबांत विषारी घटक असतो. आणि रानातल्या अळंब्या ओळखणारे जाणते माणूस सोबत नसेल तर त्यांना हातही लावू नये.

उन्हाळ्यात फणस खाल्ल्यावर आठळ्या फेकल्या जातात, याचे मला फार वाईट वाटते. त्या धुऊन, वाळवून ठेवल्या तर पावसाळ्यात उकडून खाता येतात आणि डाळीच्या आमटीत घालून आमटी वाढवता येते.

सुगीत आपल्या पश्चिम भागातील रताळी बेळगावच्या बाजार समितीतून थेट मध्य प्रदेश आणि दिल्लीपर्यंत जातात, पण आपल्या घरात ती फक्त एकादशीला शिजतात. रताळी पोटभरीची आहेत आणि मुलांच्या मधल्या वेळेला उकडून देण्यास चांगली आहेत. मात्र पांढऱ्या गराच्या रताळ्यात अ जीवनसत्त्व फारसे नसते, त्यासाठी गाजर, पिकलेली पपई, तांबडा भोपळा आणि पालेभाज्याच हव्यात.

दूध परवडत नाही. मुलांचे काय?

माणशी ३०० मिलिलिटर दूध बहुतेक घरांना शक्य नाही, त्यामुळे जे दूध येते ते कोणाच्या वाट्याला जाते हे महत्त्वाचे ठरते. चहात जाणारे दूध कमी करून ते मुलांना द्यावे. टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के आणि फुल क्रीम दुधात ६ टक्के असतो, पण प्रथिने आणि कॅल्शियम या दोहोंत फारसा फरक नसतो, म्हणून दोन वर्षांवरील मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी स्वस्त टोन्ड दूध घेण्यात काही कमीपणा नाही. सरकारी शाळा आणि अंगणवाड्यांतून क्षीरभाग्य योजनेखाली मुलांना १५० मिलिलिटर दूध दिले जाते. मुलाने ते प्यायले का, हे रोज विचारावे.

कॅल्शियमसाठी दुधाला सर्वांत चांगली जोड नाचणीची आहे. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तेवढ्याच दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम. खानापूर आणि शेजारच्या चंदगडच्या डोंगराळ भागात नाचणी पिकते. सकाळी ताक घातलेली नाचणीची आंबील आणि आठवड्यातून दोनदा नाचणीची भाकरी एवढे नेमाने केले तरी पुष्कळ आहे. तिळाची चटणी त्यात आणखी भर घालते.

अंडी, मासे आणि मटण यांपैकी कशावर खर्च करावा?

खाणाऱ्यांनी आधी अंड्यांवर, मग सुक्या मासळीवर आणि शेवटी मटणावर खर्च करावा. महिन्यातून एकदा मटणावर जितका पैसा जातो, तितक्यात घरातल्या प्रत्येकाला आठवड्याला दोन अंडी मिळू शकतात, आणि शरीराला एका दिवसाच्या मेजवानीपेक्षा थोडे थोडे पण वारंवार मिळालेले अधिक उपयोगी पडते. सुकट, बोंबील आणि सुका बांगडा यांत प्रथिने भरपूर असतात, पण मीठही तितकेच असते. म्हणून ते कोमट पाण्यात धुऊन घ्यावेत आणि कालवणात वेगळे मीठ चव पाहूनच घालावे.

घरातल्या बाईला सारखा थकवा येतो, चक्कर येते. त्यासाठी कोणते टॉनिक घ्यावे?

टॉनिकच्या आधी आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, कर्नाटकातील १५ ते ४९ वयाच्या जवळपास निम्म्या स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. सरकारी दवाखान्यातून लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या विनामूल्य मिळतात. गरोदरपणात त्या किमान १८० दिवस घ्यायच्या असतात. गोळीने मळमळते म्हणून ती बंद करू नये, रात्री जेवणानंतर घेऊन पाहावी.

पण या प्रश्नाचे खरे उत्तर स्वयंपाकघरातच आहे, आणि ते मला ठामपणे मांडायचे आहे. आपल्याकडे बाई सर्वांत शेवटी जेवते. तोवर उसळीतले दाणे संपलेले असतात, भाजीचे भांडे रिकामे असते आणि तिच्या ताटात भात आणि आमटीचे पाणी उरते. पहाटे उठून विड्या वळणारी निपाणीची बाई असो, की दिवसभर भांगलण करून आलेली हलगा किंवा बस्तवाडची बाई असो, ती घरात सर्वांइतकीच राबते आणि तिच्या शरीराला लोहाची गरज पुरुषांपेक्षा अधिक असते. यासाठी एक पैसाही लागत नाही: स्वयंपाक झाला की सर्वांची ताटे एकदमच वाढावीत, तिचेही ताट त्याच वेळी वाढून झाकून ठेवावे. सासूबाईंनी हे मनावर घेतले तर घरात कोणी वाद घालत नाही.

लोह अंगी लागण्यासाठी जेवणात लिंबू, कैरी, आवळा किंवा कच्ची कोबी यांपैकी काही आंबट-ताजे असावे, कारण क जीवनसत्त्वामुळे धान्य-भाज्यांतले लोह अधिक शोषले जाते. चहा मात्र जेवणाच्या आधी आणि नंतर निदान एक तास टाळावा. पालेभाजी लोखंडी कढईत करावी.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांना मातृपूर्णा योजनेखाली अंगणवाडीत महिन्यातील २५ दिवस दुपारचे गरम जेवण मिळते. तिथे जाऊन जेवायला संकोच वाटतो, असे अनेकजणी सांगतात. तो संकोच बाजूला ठेवावा; हे जेवण तिच्या हक्काचे आहे, आणि ते खाल्ले म्हणून घरचे जेवण कमी करायचे नसते.

मुले घरचे खात नाहीत, दुकानातली पाकिटेच मागतात.

रोज दहा रुपयांचे एक पाकीट म्हणजे महिन्याला ३०० रुपये, दोन मुलांचे ६००. या रकमेत किती किलो मसूर येतो, याचा हिशेब घरातल्या मोठ्या मुलालाच करायला सांगावा. मुले आपल्याला वाटते त्याहून समंजस असतात. मुलांना चार वाजता भूक लागते आणि तेव्हा घरात काही तयार नसते, म्हणून ती दुकानाकडे वळतात. शेंगदाणे आणि गूळ, फुटाणे, भडंग, उकडलेली रताळी, गरम केलेल्या शिळ्या भाकरीवर तेल आणि कारळ्याची किंवा जवसाची चटणी यांपैकी काहीतरी त्या वेळेला हाताशी असावे. सरकारी आणि अनुदानित शाळांत, मराठी माध्यमाच्या शाळा धरून, दुपारचे जेवण मिळते आणि २०२४ पासून आठवड्याचे सहा दिवस अंडे, किंवा अंडे न खाणाऱ्यांना केळे, अशी तरतूद झाली आहे. शाळेत ते मिळत नसेल तर पालकांनी मुख्याध्यापकांना शांतपणे पण जरूर विचारावे.

सहा महिन्यांच्या बाळाला डब्यातली पावडर द्यावी का?

गरज नाही. सहा महिने केवळ आईचे दूध, आणि त्यानंतर आईच्या दुधासोबत मऊ, घट्ट घरचे अन्न द्यावे. मूगडाळ-तांदळाची खिमट, मोड आणून वाळवलेल्या नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे आणि त्यावर अर्धा चमचा तूप किंवा तेल पुरेसे आहे. डाळीचे वरवरचे पाणी देण्याची पद्धत मात्र चुकीची आहे. पोषण खालच्या डाळीत असते.

तेल आणि गॅस कसा वाचवावा?

पाच माणसांच्या घराला महिन्याला सुमारे ४ किलो तेल पुरेसे आहे. महिन्याच्या सुरुवातीला ते मोजून वेगळ्या बरणीत काढावे आणि त्यातूनच वापरावे. कडधान्ये आठ-दहा तास भिजवली तर निम्म्या वेळात शिजतात. बेळगावच्या थंडीत मोड लवकर येत नाहीत. भिजवलेले कडधान्य फडक्यात बांधून चुलीजवळ किंवा घोंगडीत गुंडाळून ठेवावे.

मधुमेह असलेल्या माणसाने भाकरी कितीही खाल्ली तर चालते का?

चालत नाही. ज्वारीतही पिष्टमय पदार्थ भरपूर असतात. त्यांच्यासाठी वेगळा, महागडा स्वयंपाक करण्याचीही गरज नाही: एक भाकरी कमी, एक वाटी उसळ आणि भाजी जास्त, असा फरक त्याच स्वयंपाकातून करता येतो. औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच बदल करावा.

कामासाठी काही महिने गोव्यात किंवा कोल्हापूर-इचलकरंजीला राहतो. तिथे रेशन मिळेल का?

होय. एक देश, एक रेशन कार्ड या व्यवस्थेमुळे केंद्राच्या वाट्याचे धान्य दुसऱ्या राज्यातल्या रेशन दुकानातही कार्डाचा क्रमांक आणि आधारचा अंगठा देऊन घेता येते. कुटुंबातील काही माणसे गावी आणि काही बाहेर असतील, तर आपापला वाटा दोन ठिकाणी उचलता येतो. यासाठी कार्डावरील प्रत्येकाचे ई-केवायसी झालेले असणे आवश्यक आहे. मराठी नावे कन्नडमध्ये आणि इंग्रजीत उतरवताना वेगवेगळी लिहिली गेली असतील तर तिथेच अडते, म्हणून गाव सोडण्यापूर्वी आधार आणि कार्ड यांवरील नावे जुळतात का, ते तपासून घ्यावे.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हातात पैसेच नसतात. तेव्हा काय शिजवावे?

त्या आठवड्याची तयारी पहिल्या आठवड्यात करावी लागते. किराणा भरताना एक किलो हुलगे आणि अर्धा किलो शेंगदाणे वेगळे काढून ठेवावेत आणि ते पंचविसाव्या तारखेपर्यंत उघडू नयेत. हुलगे मंद आचेवर खमंग भाजून, दळून, कोरड्या डब्यात भरून ठेवावेत. या पिठाचे लसूण-मिरचीच्या फोडणीत पिठले होते आणि ते भाकरीबरोबर दोन वेळांना पुरते. आदल्या रात्रीच्या भाताला दाण्याचे कूट आणि ताक लावले की सकाळची न्याहारी होते. पाऊस लागून राहिला असेल आणि मुलांना सर्दी-खोकला असेल, तर त्याच पिठाचे गूळ आणि सुंठ घातलेले गरम माडगे करावे: चार वाट्या पाणी उकळून त्यात गूळ विरघळवावा, गार पाण्यात कालवलेले अर्धी वाटी पीठ हळूहळू ओतत ढवळावे, किंचित मीठ घालावे आणि कच्चा वास जाईपर्यंत शिजवून गरमच प्यायला द्यावे.